शहराचा कचरा आणि कष्टकऱ्यांचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत उत्पादन, विनिमय, वितरण आणि उपभोग अशी चार प्रकरणे असतात. उपभोगाचे प्रकरण संपले की पुस्तक संपते. वस्तू वापरून झाल्यावर तिचे काय होते, ती कोण उचलतो, कोठे नेऊन टाकतो आणि तिच्या दुर्गंधीत कोण राहतो, याला पुस्तकात जागा नाही. वस्तूला बाजारभाव उरला नाही की रूढ शास्त्राच्या लेखी ती वस्तूच उरत नाही. प्रत्यक्षात ती नाहीशी होत नाही; एका दारातून निघते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन पडते. या प्रवासाचा खर्च कोणी तरी सोसतोच. फक्त त्याचे नाव महापालिकेच्या जमाखर्चात कोठे लिहिलेले नसते.

गेल्या काही वर्षांत कचऱ्याविषयी पुष्कळ बोलले गेले. २०१४ साली स्वच्छतेचे देशव्यापी अभियान सुरू झाले. मंत्र्यांनी हातात झाडू घेतले, शहरांना क्रमांक दिले गेले, भिंती रंगल्या. या सर्व खटाटोपात कचरा हा प्रथम नागरिकांच्या सवयीचा आणि नंतर यंत्रसामग्रीचा प्रश्न मानला गेला. नागरिकांनी शिस्त पाळावी, महापालिकेने यंत्रे आणावीत, म्हणजे शहर स्वच्छ होईल, अशी ही मांडणी आहे. शिस्त हवी आणि यंत्रेही हवीत, याबद्दल वाद नाही. पण समाजवादी कार्यकर्त्याने त्याच्या आधीचा प्रश्न विचारला पाहिजे. कचरा निर्माण कोण करतो, त्याचा भार कोण वाहतो आणि त्यातून निघणारा पैसा कोणाच्या हाती जातो? म्हणजे प्रश्न वितरणाचा आहे. वितरणाचा विचार टाळून केलेली प्रत्येक योजना शेवटी शहराच्या एका भागातील घाण दुसऱ्या भागात हलवण्याची योजना ठरते.

डेपो कोणाच्या गावात?

पुण्याचे उदाहरण घ्यावे. पुण्याचा कचरा डेपो एके काळी कोथरूडला होता. त्या वेळी कोथरूड शहराच्या कडेला होते. पुढे तेथे मध्यमवर्गीय वसाहती उभ्या राहिल्या, जमिनीचे भाव वाढले, रहिवाशांनी डेपोविरुद्ध आवाज उठवला आणि डेपो हलला. त्याच जागेवर आता मेट्रोचा आगारतळ आहे. रहिवाशांची मागणी रास्त होती. कचऱ्याच्या डोंगराशेजारी कोणीही राहू नये. पण डेपो बंद झाला म्हणून कचरा बंद झाला नाही. तो सासवड रस्त्यावरील उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जाऊ लागला. तेथील डेपोची जागा १६३ एकर आहे. ज्या गावांनी हा कचरा निर्माण केला नव्हता, त्यांच्या विहिरी कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने नासल्या. ज्यांच्या पायाखाली पाणी होते, त्यांना पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली.

गावकऱ्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले. २०१४ आणि २०१५ साली गाड्या अडवल्या, तेव्हा शहरातील पेट्या भरून वाहू लागल्या. त्या दिवसांत ‘गावकऱ्यांनी पुण्याला वेठीस धरले’ असे बोलले गेले. इतकी वर्षे गाव वेठीस धरले गेले होते, हे मात्र कोणी म्हटले नाही. २०१७ साली ही दोन्ही गावे महापालिकेत आली आणि २०२४ साली शासनाने त्यांना पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद दिली. हद्दीच्या रेषा अशा आत-बाहेर झाल्या, डेपोचा डोंगर मात्र होता तेथेच राहिला.

ही केवळ पुण्याची कथा नाही. मुंबईत देवनारला १९२७ सालापासून कचरा पडत आला आहे. त्याच्या भोवती गोवंडी-शिवाजीनगरच्या ज्या वस्त्या आहेत त्या एम-पूर्व विभागात येतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग शहरात सर्वांत तळाला होता. २०१६ च्या जानेवारीत देवनारला आग लागली आणि तिचा धूर उपनगरांवर पसरला, तेव्हा कोठे हा विषय सर्वांचा झाला. तिरुवनंतपुरमचा कचरा विलप्पिलशाला या गावात जात असे; २०११ च्या डिसेंबरात तेथील ग्रामपंचायतीने प्रकल्पालाच टाळे ठोकले. बंगळूरचा कचरा घेणाऱ्या मावळ्ळीपुराच्या लोकांनी २०१२ साली तेच केले. वाढणारे शहर खेड्यातून पाणी आणते, धान्य आणते, मजूर आणते आणि परतफेड म्हणून कचरा पाठवते. शहर आणि खेडे यांच्यातील विषम विनिमयाबद्दल समाजवादी चळवळीने आजवर पुष्कळ लिहिले आहे. त्या विनिमयात कचऱ्याचाही हिशेब धरला पाहिजे.

ओल्या कचऱ्याचे साधे शास्त्र

आता कचऱ्याचे स्वरूप पाहू. भारतीय शहरांच्या घरगुती कचऱ्यात ढोबळमानाने निम्मा भाग ओला असतो. भाजीचे देठ, फळांच्या साली, खरकटे, चहाचा चोथा. हा भाग मुळात मातीचा आहे आणि त्याला मातीत परत जाता येते. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला जी कंपोस्ट पद्धत सिद्ध केली तिला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, आणि तिचे मूळ येथील शेतकऱ्याच्या अनुभवात होते. म्हणजे हे ज्ञान परदेशातून आयात करण्याची गरज नाही.

हाच ओला कचरा काच, प्लास्टिक आणि कापडात मिसळला की त्याचा स्वभाव पालटतो. डोंगराच्या पोटात हवा पोहोचत नाही. तेथे तो कुजताना मिथेन वायू तयार होतो आणि आगी लागतात. खाली झिरपणारे पाणी भूजल नासवते. वर राहिलेले प्लास्टिक आणि कागद इतके बरबटतात की भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. घरात दोन डबे न ठेवल्यामुळे खत होऊ शकणारी वस्तू विष होते आणि विकली जाऊ शकणारी वस्तू घाण होते. कचऱ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ आहे, ते या अर्थाने.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेनंतर २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम झाले. प्रक्रियेची व्यवस्था २००३ अखेर उभी राहावी, असे त्यांत म्हटले होते. ती मुदत उलटून गेली आणि बहुतेक शहरे उघड्यावर कचरा ओतत राहिली. २०१६ च्या नियमांनी घरातच वर्गीकरण बंधनकारक केले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. २०२६ च्या जानेवारीत अधिसूचित झालेल्या नियमांनी वर्गीकरण चार प्रकारांवर नेले. तेव्हा नियमांची उणीव नाही. नियम पाळले जाऊ नयेत यात ज्यांचा फायदा आहे, अशा हितसंबंधांचीही उणीव नाही.

टनाचे कंत्राट

हे हितसंबंध कसे काम करतात? कचरा वाहून नेण्याचे कंत्राट अनेक ठिकाणी वजनावर दिले जाते. जितके टन वाहून नेले तितके देयक. वरवर पाहता ही रीत सरळ वाटते. पण तिच्यातील प्रेरणा तपासा. घरोघर ओल्या कचऱ्याचे खत झाले, सुका कचरा वेगळा निघून पुनर्वापराला गेला, तर टन कमी होतात आणि कंत्राटदाराचे उत्पन्न घटते. उलट सर्व एकत्र कोंबले, पावसात भिजू दिले, त्यात बांधकामाचा राडारोडा मिसळला तर टन वाढतात. कचऱ्यात राडारोडा मिसळून वजन फुगवल्याची प्रकरणे मुंबई महापालिकेसमोर आलेली आहेत. येथे एखाद्या कंत्राटदाराच्या नीतिमत्तेचा प्रश्न दुय्यम आहे. ज्या व्यवस्थेत कचरा वाढला तर नफा वाढतो, त्या व्यवस्थेकडून कचरा कमी होण्याची अपेक्षा करणे हा अर्थशास्त्राचा अपमान आहे.

समजा, एक हजार घरांची वसाहत आहे आणि दर घरातून रोज दोन किलो कचरा निघतो. म्हणजे दिवसाला दोन टन. यातील एक टन ओला कचरा वसाहतीच्या आवारातच जिरवला, अर्धा टन सुका कचरा वेगळा करून विकला, तर डेपोकडे जाण्यासाठी जेमतेम अर्धा टन उरतो. तीन चतुर्थांश वाहतूक वाचली. तेवढे डिझेल, तेवढ्या खेपा आणि डेपोवरील तेवढी जागा वाचली. ही बचत ज्यांच्या श्रमामुळे झाली त्यांना तिचा वाटा मिळायला हवा. टनाच्या कंत्राटात मात्र ही बचत ‘नुकसान’ या सदरात जाते.

कचऱ्यापासून वीज करण्याच्या प्रकल्पांबाबतही हाच विवेक ठेवला पाहिजे. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली परदेशी तंत्रज्ञानाचा असा प्रकल्प उभारला गेला; दिवसाला ३०० टन कचरा जाळण्याची त्याची क्षमता होती. तो काही आठवड्यांतच बंद पडला, कारण दिल्लीच्या ओल्या, मातीमिश्रित कचऱ्यात जळण्याइतकी उष्णता नव्हती. युरोपातील कचऱ्यासाठी आखलेली भट्टी भारतीय स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर चालली नाही. ती चालावी म्हणून तिला कागद आणि प्लास्टिक पुरवावे लागते, आणि नेमक्या याच वस्तूंवर कचरावेचकांची चूल पेटते. एकदा भट्टीत भांडवल गुंतले की तिचे पोट भरण्यासाठी रोज ठरावीक टन कचरा देण्याचा करार महापालिकेला करावा लागतो. मग कचरा कमी करणारा माणूस त्या कराराचा शत्रू ठरतो.

ज्यांनी शहर उचलले

टनांच्या हिशेबात न दिसणारा एक मोठा श्रमिकवर्ग या शहरांत आहे. पुण्यातील कचरावेचकांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्या बहुतांशी दलित समाजातील आहेत. त्यांच्यापैकी अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर कोरडवाहू भागांतून शहरात आली. शेतमजुरी गेली, कारखान्यात प्रवेश नव्हता, धुण्याभांड्याच्या कामातही जात आडवी येत असे. तेव्हा पाठीवर पोते घेऊन पेट्यांतील कागद, काच, पत्रा वेचणे हाच उद्योग उरला. समाजाने त्यांना चोर म्हटले, पोलिसांनी हटकले, कुत्री अंगावर आली. त्या मात्र रोज कित्येक टन माल पेट्यांतून बाहेर काढून कारखान्यांना परत देत राहिल्या.

१९९३ साली पुण्यात या स्त्रियांची परिषद भरली आणि डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. हमाल पंचायतीचा अनुभव पाठीशी होता आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातील प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या सोबत होत्या. पंचायतीने प्रथम मदत मागितली नाही, ओळख मागितली. ‘हे काम आहे आणि आम्ही कामगार आहोत’ ही तिची पहिली मागणी होती. १९९० च्या दशकाच्या मध्यास महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे आरोग्य विम्याची योजना आली. २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेसाठी पुण्यात जो अभ्यास झाला त्यात असे दिसले की दर कचरावेचक महापालिकेला महिन्याला २४६ रुपयांचे श्रम विनामोबदला देते. तोपर्यंत या स्त्रिया शहरावरील ओझे समजल्या जात होत्या. हिशेब मांडल्यावर कळले की शहरच त्यांचे देणे लागते.

२००७ साली या स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. या संस्थेच्या सभासद घरोघर जाऊन कचरा गोळा करू लागल्या. कामाची रीत साधी आहे. दोघी मिळून काहीशे घरांचा कचरा घेतात, ढकलगाडीवर त्याची वर्गवारी करतात, ओला कचरा महापालिकेच्या गाडीकडे किंवा आवारातील खताच्या टाकीकडे देतात आणि सुका माल विकतात. घरटी मिळणारे शुल्क आणि भंगाराची किंमत हे त्यांचे उत्पन्न. अशा तीन हजारांहून अधिक सभासदांनी या संस्थेच्या बळावर शहराचा मोठा भाग सांभाळला आहे. कालची पेटीतून वेचणारी बाई आज दारात उभी राहून ‘ओला-सुका वेगळा द्या’ असे घरमालकाला सांगू लागली, हा बदल रुपयांत मोजता येत नाही. वापरलेल्या सॅनिटरी पॅडवर कागद गुंडाळून लाल ठिपका काढून द्यावा, ही मोहीमही या स्त्रियांच्या अनुभवातूनच निघाली. ज्या हातांनी ते उचलायचे, त्या हातांची आठवण घराघराला करून देणारी ही मोहीम होती.

यातील आर्थिक मर्म लक्षात घेतले पाहिजे. टनाच्या कंत्राटदाराचा फायदा कचरा एकत्र ठेवण्यात असतो. वेचक स्त्रीचा फायदा तो वेगळा करण्यात असतो. तिचे पोट आणि शहराचे हित एकाच दिशेने जातात. असे असतानाही प्रत्येक कराराची मुदत संपत आली की मोठ्या कंत्राटाची, मोठ्या गाड्यांची आणि खाजगी कंपनीची भाषा सुरू होते, आणि या स्त्रियांना आपल्या पोटासाठी पुन्हा महापालिकेच्या दारात बसावे लागते. २०२० अखेर पुण्यातील कराराची मुदत संपली तेव्हाही हेच घडले.

दोन आक्षेप

या मांडणीवर चळवळीच्या आतूनच दोन गंभीर आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर दिल्याविना पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा की सफाई हे महापालिकेचे कर्तव्य आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापनाचा स्पष्ट उल्लेख आहे. मग कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन देण्याऐवजी ‘सहकारी संस्था’ पुढे करणे म्हणजे कंत्राटी पद्धतीलाच सभ्य नाव देणे नव्हे काय? हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. मुंबईत काय झाले ते कामगारांना ठाऊक आहे. सफाई कामगारांना छोट्या छोट्या कंत्राटदारांकडे वाटून कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले, काहींना तर ‘स्वयंसेवक’ म्हणून वेतनाऐवजी मानधन दिले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०१७ साली उचलून धरला. १९७० च्या दशकात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीची हमी मिळाली होती. ती हमी जातीचा शिक्का पुढच्या पिढीवर मारते, अशी टीका झाली आणि तीत तथ्य होते. कंत्राटी पद्धतीने मात्र शिक्का ठेवला आणि हमी काढून घेतली.

म्हणून भूमिका नि:संदिग्ध असावी. रस्ते झाडणे, गटारे साफ करणे, कचरा वाहणे ही बारमाही कामे आहेत आणि ती करणारे महापालिकेचे कायम कामगार असले पाहिजेत. घरोघरच्या वर्गवारीचे काम जेथे कचरावेचकांच्या संस्थेकडे आहे तेथे त्या संस्थेला कंत्राटदार मानू नये. तिच्या सभासदांना साधने, हातमोजे, विमा, प्रसूतिकाळची आणि वृद्धापकाळची तरतूद महापालिकेच्या तिजोरीतून मिळाली पाहिजे, आणि वेचलेल्या मालावर त्यांचा हक्क करारात लिहिलेला असला पाहिजे. हे झाले नाही तर सहकार हा स्वस्त श्रमाचा बुरखा ठरेल, हा आक्षेपकांचा इशारा खरा होईल.

दुसरा आक्षेप शुल्काचा आहे. मालमत्ता कर भरणाऱ्याने पुन्हा घरटी पैसे का द्यावेत? सरसकट समान शुल्क हे प्रतिगामी असते, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे. बंगल्याने आणि झोपडीने सारखेच पैसे देणे न्याय्य नाही. पण शुल्कामुळे वेचक स्त्री आणि घर यांच्यात थेट नाते जडते, हेही खरे. तिने एक दिवस येण्याचे चुकवले तर घर तिला विचारते, घराने वर्गीकरण चुकवले तर ती घराला विचारते. मार्ग असा काढता येईल की मोठ्या सोसायट्या, उपाहारगृहे, मंगल कार्यालये यांच्याकडून त्यांच्या कचऱ्याच्या प्रमाणात चढते शुल्क घ्यावे आणि झोपडवस्तीतील घरांचा वाटा महापालिकेने भरावा. अडचण एवढीच की महापालिकांचे स्वतंत्र उत्पन्न गेले आहे. २०१३ साली मुंबई वगळता इतरत्र जकात गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर आणि मुंबईची जकात हीदेखील २०१७ पर्यंत गेली. कर्तव्य घटनेने महापालिकेकडे दिले आणि पैशाची किल्ली वर नेऊन ठेवली. कचऱ्याचा प्रश्न या अर्थाने विकेंद्रीकरणाचाही प्रश्न आहे.

उत्पादकाची जबाबदारी

आणखी एका गोष्टीकडे सोयीस्कर दुर्लक्ष होते. शाम्पूची पुडी, वेफरची पिशवी, गुटख्याचे वेष्टन हे अनेक थरांचे प्लास्टिक असते. ते वेचले तरी विकले जात नाही, कारण त्याचा पुनर्वापर जवळजवळ अशक्य आहे. ते निर्माण करणाऱ्याने नफा खिशात घातला, विल्हेवाटीचा खर्च शहरावर सोडला आणि शहराने तो उरुळीवर ढकलला. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा भाजीवालीच्या पातळ पिशवीवर धाडी पडल्या. कारखान्यात माल भरतानाच लागणारे वेष्टन मात्र बंदीतून सुटले. नियमांत उत्पादकाची जबाबदारी आता लिहिलेली आहे. २०२२ साली तिचे तपशीलवार मार्गदर्शन आले. पण ती प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीवर चालते आणि २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला बनावट प्रमाणपत्रे मोठ्या संख्येने आढळली. त्याआधी २०२१ साली प्लास्टिक भंगारावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला होता. करभार वर लागला तरी भाव खालच्या पायरीवर पाडले जातात, आणि शेवटच्या पायरीवर वेचणारी बाई उभी असते.

कार्यकर्त्यांपुढील काम

हे सर्व ऐकून निराश होण्याचे कारण नाही. विलप्पिलशालाच्या टाळ्यानंतर तिरुवनंतपुरमला ओला कचरा शहरातच जिरवण्याचा मार्ग धरावा लागला. आता केरळात कुटुंबश्रीच्या स्त्रियांची हरित कर्म सेना घरोघर जाऊन न कुजणारा कचरा गोळा करते. त्याच केरळात २०२३ च्या मार्चमध्ये कोचीच्या ब्रह्मपुरम डेपोला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेने कडक वर्गीकरण करून कचऱ्याच्या मैदानाचे रूप पालटून दाखवले. म्हणजे हे काम अशक्य नाही; मात्र जेथे लोक आणि कामगार त्यात उभे राहिले तेथेच ते टिकले.

महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे लोकनियुक्त सभागृह नव्हते. २०२६ च्या जानेवारीत निवडणुका झाल्या आणि नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. प्रशासकांच्या काळात झालेले करार आता त्यांच्यापुढे आहेत. या वेळी कार्यकर्त्यांनी चार कामे हाती घ्यावीत.

पहिले, प्रत्येक प्रभागातील कचऱ्याच्या कंत्राटाची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मिळवावी आणि देयक कशावर ठरते ते पाहावे. वजनावर ठरत असेल तर ती अट बदलण्याची मागणी सभागृहात आणि रस्त्यावर करावी. देयक हे किती घरांचा कचरा वेगळा आला आणि डेपोकडे किती कमी गेला यावर ठरले पाहिजे.

दुसरे, प्रभागातील झाडणाऱ्या, वाहणाऱ्या आणि वेचणाऱ्या कामगारांची यादी करावी. कोण कायम, कोण कंत्राटी, कोणाला किमान वेतन मिळते, कोणाचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो, हे कागदावर आणावे. कामगार मोजला गेला की मागणीला पाय फुटतात. महापालिकेच्या कायम कामगारांची युनियन आणि कचरावेचकांची संघटना यांनी एकमेकींना प्रतिस्पर्धी मानू नये, यासाठी दोघांना एका बैठकीत बसवण्याचे काम पक्षाच्या कार्यकर्त्यांचेच आहे. त्यांच्यातील भांडणाचा लाभ फक्त कंत्राटदाराला होतो.

तिसरे, डेपोशेजारच्या गावांशी नाते जोडावे. जुन्या कचऱ्याचा डोंगर हटवणे, पाणी आणि आरोग्याची तपासणी, नासलेल्या विहिरींची भरपाई या मागण्या गावाच्याच राहू नयेत. शहरातील शाखांनी त्या आपल्या ठरावात घ्याव्यात. जो कार्यकर्ता गाड्या अडवणाऱ्या गावकऱ्याच्या बाजूला उभा राहत नाही, त्याला आपल्या वसाहतीत दोन डबे ठेवा असे सांगण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

चौथे काम सर्वांत साधे आणि म्हणून सर्वांत कठीण आहे. ते स्वतःच्या घरापासून सुरू होते. समतेवर भाषण देणाऱ्याच्या घरातील खरकटे, फुटकी काच आणि वापरलेले पॅड एकाच पिशवीत बांधून बाहेर ठेवले जात असेल, तर ती पिशवी उघडणाऱ्या बाईच्या बोटांना त्या भाषणाचा काही उपयोग नाही. संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तो गावाची घाण काढण्याबरोबर घाण काढणाऱ्याची हीनता काढून टाकण्यासाठी. ते दुसरे काम अपुरे राहिले आहे.

शहरे वाढणार आहेत. त्यांचा कचराही वाढणार आहे. त्याची किंमत शहराने स्वतःच्या तिजोरीतून आणि उत्पादकाच्या नफ्यातून चुकती करायची, की उरुळीच्या विहिरींनी आणि ढकलगाडी ओढणाऱ्या स्त्रियांच्या पाठीने ती भरत राहायचे, हा निर्णय राजकीय आहे. आणि राजकीय निर्णय संघटित माणसे बदलू शकतात, या विश्वासावरच पक्ष उभा आहे. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील एका तरी कंत्राटाची प्रत मिळवून ती कामगारांच्या बैठकीत वाचून दाखवावी. तेवढ्यापासून सुरुवात झाली तरी पुष्कळ झाले.